चावडी, कौल आणि प्रचालक : मराठी विकिपीडियावरील मर्यादित अधिकारांची भाषा

प्रस्तावना

सर्व्हरचा मालक आणि सर्व्हरचा वापरकर्ता यांच्यातील संबंध हा मूलतः सत्तेचा संबंध आहे. युनिक्स परंपरेतील संगणकावर 'रूट' नावाचे एक खाते असते. ज्याच्या हाती त्या खात्याचा पासवर्ड, त्याच्या हाती सर्व काही. इतरांच्या वाट्याला तो देईल तेवढेच. परंतु काम वाढले की एका माणसाने सर्व काही करणे अशक्य होते आणि सर्वांना सर्व काही करू देणे धोक्याचे ठरते. या दोहोंमधला मार्ग शोधण्याचा इतिहास जुना आहे. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली लिहिलेल्या निबंधात, प्रत्येकास त्याच्या कामापुरताच आणि कमीत कमी अधिकार असावा, हे तत्त्व मांडले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात 'सुडो' ही आज्ञा तयार झाली. तिच्यामुळे रूटचा पासवर्ड न सांगताही त्याचे एखादे काम दुसऱ्याकडून करून घेता येऊ लागले. जेमी कॅमेरॉन यांचा 'वेबमिन' हा प्रोग्राम १९९७ साली आला आणि हेच काम ब्राउझरच्या खिडकीतून होऊ लागले. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची गरज उरली नाही. कोणत्या माणसाला कोणता कप्पा उघडून द्यावयाचा, हे कप्प्यागणिक ठरविता येऊ लागले.

हे सर्व तंत्रज्ञांच्या जगातले झाले. मराठी भाषक समाजातील तंत्रज्ञ नसलेल्या माणसाला, म्हणजे शिक्षकाला, बँकेतील कर्मचाऱ्याला, निवृत्त अभियंत्याला किंवा विद्यार्थ्याला, सर्व्हरवरील असा मर्यादित अधिकार मराठी शब्दांत प्रथम मोठ्या प्रमाणावर मिळाला तो मराठी विकिपीडियामुळे. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, तिचा प्रारंभ झाला. तिच्यावरील लेखांच्या दर्जाविषयी आपण प्राध्यापक मंडळी अधूनमधून बोलतो, बहुधा तक्रारीच्या सुरात. विद्यार्थ्याने प्रकल्पात विकिपीडियाचा उतारा जसाच्या तसा चिकटविला की ती तक्रार अधिकच तीव्र होते. परंतु त्या लेखांच्या मागे जी अधिकारव्यवस्था उभी आहे आणि तिला मराठीत जी नावे दिली गेली आहेत, त्यांकडे साहित्याच्या वा भाषेच्या अभ्यासकाने पाहावे, असे त्यांत पुष्कळ आहे. प्रस्तुत लेखात त्या नावांचे वाचन करावयाचे आहे. नाव अधिकाराचे वर्णन करते की अधिकार झाकते, हा येथील मुख्य प्रश्न होय.

अधिकारांची उतरंड

विकिपीडिया ज्या 'मिडियाविकी' नामक प्रणालीवर चालते, तिच्यात संपूर्ण प्रशासन ब्राउझरमधूनच होते. लेख लिहिणारा आणि लेख वगळणारा एकाच पानावर असतात. फरक एवढाच की दुसऱ्याला पानाच्या माथ्यावर दोन-तीन अधिक कळा दिसतात. खाते न उघडताही बहुतेक पाने संपादित करता येतात. खाते उघडून काही दिवस लोटले, बहुतेक विकिपीडियांवर चार दिवस, की पानाचे नाव बदलण्याचा अधिकार आपोआप मिळतो. त्यापुढे समाजाच्या संमतीने 'प्रचालक' होता येते. प्रचालक पान वगळू शकतो, वगळलेले पान परत आणू शकतो, वादग्रस्त पान सुरक्षित करू शकतो, उत्पात करणाऱ्या सदस्यास प्रतिबंध घालू शकतो आणि संकेतस्थळावर दिसणाऱ्या सूचनांचा मजकूर बदलू शकतो. दुसऱ्यास प्रचालक करणे मात्र त्याच्या हाती नाही. ते 'स्वीकृती अधिकारी' या पदाकडे आहे आणि त्याच्याही वर सर्व भाषांच्या विकिपीडियांसाठी एकत्रित निवडलेले 'स्टीवर्ड' आहेत.

या रचनेतील लक्षणीय गोष्ट म्हणजे येथे जवळजवळ काहीच नष्ट होत नाही. वगळलेले पान विदागाराच्या दुसऱ्या कोठारात जाते. ते अन्य प्रचालकास दिसते आणि परत आणता येते. प्रत्येक कृतीची नोंद होते. कोणत्या प्रचालकाने, कोणत्या दिवशी, कोणते कारण देऊन कोणाला अडविले, हे शेजारच्या वाचकालाही वाचता येते. पाच हजारांहून अधिक आवृत्त्या असलेले पान वगळण्यापासून प्रचालकालाही यंत्र रोखते, कारण तेवढ्या आवृत्त्या एका झटक्यात हलविल्या तर सर्व्हरच अडखळतो. खातेधारकांचे अंकपत्ते तपासण्याचा अधिकार तर आणखी सावधपणे दिला जातो. एखाद्या विकिपीडियावर असे तपासनीस असावयाचे तर किमान दोन असावेत, नाहीतर एकही नसावा, असा दंडक आहे. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे, हा त्यामागील हेतू.

सुरुवातीच्या काळात ही सावधगिरी एवढी नव्हती. प्रचालकांना विदागाराला थेट प्रश्न विचारता येईल असे एक विशेष पान तेव्हा प्रणालीत होते. एकच अवजड प्रश्न सर्व्हरला ताटकळत ठेवू शकत असे. पुढे ते पानच काढून टाकण्यात आले. मर्यादा ही आधी आखलेली नसून ठेच लागल्यावर आखली जाते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आपल्या परिसरातील एक व्यवस्था येथे तुलनेसाठी घेता येईल. महाराष्ट्र शासनाच्या ई-फेरफार प्रणालीत तलाठी (आपल्याकडील जुनी माणसे अजूनही त्याला 'पटवारी' म्हणतात) फेरफाराची नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा हात वेगळा आणि मान्य करणारा हात वेगळा. प्रमाणित झालेल्या नोंदीतील लेखनप्रमाद दुरुस्त करावयाचा तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे जावे लागते. विकिपीडियाची रीत याच्या नेमकी उलट आहे. येथे नोंद आधी प्रसिद्ध होते, हरकत मागून येते आणि मंडळ अधिकारी असा कोणी नाहीच. ज्याने वाचले त्याने दुरुस्त करावे. दोन्हीकडे अधिकार मर्यादित आहेत. पहिल्या व्यवस्थेत मर्यादा दाराशी उभी आहे, दुसरीत ती इतिहासाच्या पानात आहे.

तथापि, दुसऱ्या व्यवस्थेतही काही दारे बंद असतात. जिल्ह्याच्या नामांतराचेच पाहा. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर हे बदल २०२३ साली झाले. अशा वेळी लेखाचे नाव बदलणे हे काम एरवी कोणत्याही जुन्या सदस्यास करता येते. यंत्र जुन्या नावावरून नव्या नावाकडे पुनर्निर्देशन ठेवून देते. परंतु नव्या नावाचे पान आधीच अस्तित्वात असेल आणि त्याला स्वतःचा इतिहास असेल, तर यंत्र नकार देते. मग प्रचालकाची कळ लागते. म्हणजे नामांतरासारख्या प्रक्षुब्ध विषयात यंत्र आपण होऊन एका जबाबदार, ज्याचे नाव नोंदीत राहील अशा माणसाकडे बोट दाखविते. कोणत्याही धोरणाशिवाय, केवळ दोन पाने एकाच नावाने राहू शकत नाहीत या तांत्रिक अडचणीतून हे घडते, ही गंमतीची बाब आहे.

शब्दांचे पदर

आता नावांकडे वळू. 'प्रचालक' हा शब्द प्रथमदर्शनी कृत्रिम वाटतो. हिंदी विकिपीडियाने त्याच पदासाठी 'प्रबंधक' हा शब्द घेतला. त्यात व्यवस्थापनाचा आणि म्हणून वरिष्ठतेचा भाव आहे. शासकीय परिभाषेत 'प्रचालक' म्हणजे यंत्र चालविणारा. संगणक प्रचालक, जलपंप प्रचालक या पदांत तो आपण वाचतो. मिडियाविकीच्या मूळ संहितेतही या गटाचे नाव 'सिसॉप' म्हणजे यंत्रणेचा ऑपरेटर असेच आहे. इंग्रजी संकेतस्थळावर दिसणारा 'ॲडमिनिस्ट्रेटर' हा शब्द मराठीत आणावयाचा झाला असता तर 'प्रशासक' म्हणावे लागले असते. आणि प्रशासक म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. बँक बुडाली, संस्थेचे संचालक मंडळ बरखास्त झाले की जो येतो तो प्रशासक. २०२२ नंतर राज्यातील अनेक महानगरपालिकांचा कारभार निवडणुकांअभावी दीर्घकाळ प्रशासकांकडे होता. लोकांनी निवडलेल्या माणसासाठी तो शब्द वापरणे म्हणजे अर्थाचा विपर्यास झाला असता. 'प्रचालक' हा शब्द त्यामानाने प्रामाणिक आहे. तो पदाला प्रतिष्ठा देत नाही, काम देतो.

'स्वीकृती अधिकारी' या शब्दाबाबत असे म्हणता येत नाही. इंग्रजीत या पदाला 'ब्युरोक्रॅट' म्हणतात आणि त्यात आत्मोपहास आहे. इंग्रजी विकिपीडियाच्या संस्कृतीत प्रचालकाच्या अधिकारालाही झाडणाऱ्याचा पोछा म्हणण्याची प्रथा आहे. स्वतःला 'नोकरशहा' म्हणवून घेणारा स्वयंसेवक आपल्या पदाची हवा आपणच काढून टाकतो. मराठीत येताना तो उपहास गळून पडला आणि उरला तो 'अधिकारी'. ज्या समाजात 'साहेब' हा शब्द नुसत्या खुर्चीला चिकटतो, तेथे हा बदल निरुपद्रवी नाही. अनुवादकाने अर्थ राखला, सूर राखला नाही.

याउलट 'बॉट'साठी मराठीने केलेला 'सांगकाम्या' हा शब्द म्हणजे या साऱ्या परिभाषेतील सर्वांत देखणा शब्द होय. सांगितले तेवढेच करणारा, स्वतःची बुद्धी न चालविणारा, असा तो मराठीतील जुना थट्टेचा शब्द. यंत्राला तो तंतोतंत लागू पडतो. मात्र या सांगकाम्याला मिळणारी एक सवलत त्याच्या नावात दिसत नाही. त्याने केलेली संपादने 'अलीकडील बदल' या यादीत एरवी लपविलेली असतात. हजारो पाने तो बदलतो आणि ती वाचकाच्या नजरेस सहजी येत नाहीत. ज्याला नोकर म्हटले, त्यालाच अदृश्यतेचा मान मिळाला आहे.

'धूळपाटी' हाही असाच सुंदर आणि फसवा शब्द आहे. पाटीवर धूळ पसरून मूल अक्षर गिरवीत असे आणि हाताने पुसून टाकत असे. चूक उरत नसे, हेच धूळपाटीचे वैशिष्ट्य. विकिपीडियाच्या धूळपाटीवर मात्र काहीच पुसले जात नाही. प्रत्येक गिरविणे इतिहासात तारखेसह राहते. नवशिक्या विद्यार्थ्याने धूळपाटी या शब्दावर विश्वास ठेवून तेथे आपला दूरध्वनी क्रमांक लिहिला, तर तो हाताने पुसता येणार नाही. त्यासाठी अधिकारी व्यक्तीस विनंती करावी लागेल. 'पहाऱ्याची सूची' या शब्दात इंग्रजीतील 'वॉच' या क्रियेच्या दोन अर्थांपैकी पाहण्याचा अर्थ मागे सारून राखणीचा अर्थ पुढे आणला आहे. परिणामी सदस्य स्वतःला लेखाचा वाचक न समजता त्याचा राखणदार समजू लागतो आणि राखणीतून मालकी फार दूर नसते.

सर्वांत विचार करावयास लावणारा शब्द 'चावडी' हा आहे. इंग्रजी विकिपीडियात सार्वजनिक चर्चेच्या पानाला गावातील पाण्याचा पंप म्हटले आहे. हिंदीने 'चौपाल' म्हटले. पंप आणि चौपाल ही लोकांनी जमण्याची ठिकाणे आहेत. चावडी तशी नाही. चावडी ही गप्पांची जागा खरी, परंतु त्याआधी ती सरकारची जागा आहे. पाटील तेथे बसे, शेतसारा तेथे जमा होई, हुकूम तेथे वाचून दाखविला जाई. आजही महसूल खाते फेरफाराच्या नोटिसा आंतरजालावर 'आपली चावडी' या नावाने प्रसिद्ध करते आणि त्या चावडीवर नागरिकाला वाचता येते, लिहिता येत नाही. मराठी विकिपीडियाच्या पहिल्या कार्यकर्त्यांनी हा शब्द निवडताना बहुधा पार, गप्पा, गावपण यांचाच विचार केला असावा. परंतु शब्दाने आपला जुना अर्थ सोडलेला नाही. चावडीवर चर्चा सर्वांची, दप्तर मात्र दुसऱ्याचे. हे वर्णन विकिपीडियाला अनपेक्षितपणे लागू पडते. कारण या चावडीचे दप्तर अमेरिकेत आहे.

'कौल' या शब्दाचे दोन इतिहास आहेत. एक देवाचा कौल आणि दुसरा दख्खनी राजवटींतील कौलनामा, म्हणजे सरकारने रयतेला दिलेले अभयवचन. मतदानाला कौल म्हणण्याची वृत्तपत्रीय पद्धत त्यानंतरची. विकिपीडियाच्या मूळ धोरणानुसार निर्णय मतांच्या संख्येवर नव्हे, तर सहमतीवर व्हावयाचा असतो. 'मतदान' म्हटले असते तर मोजणीच अपेक्षित झाली असती. 'कौल' म्हटल्याने मोजणी मागे पडते, हे चांगलेच. परंतु देवाच्या कौलाविरुद्ध अपील नसते आणि सहमतीचा निर्णय मात्र पुन्हा उघडता येतो. येथे शब्द वस्तूपेक्षा अधिक कठोर झाला आहे.

या सर्व शब्दांच्या तळाशी 'अधिकार' हा शब्द आहे. प्रणालीत त्याला 'सदस्य अधिकार' म्हणतात. वस्तुतः तांत्रिक दृष्टीने ही परवानगी आहे. ती दिली जाते, काढून घेतली जाते. दोन वर्षे काहीच काम केले नाही तर प्रचालकाची कळ काढून घेण्याची प्रक्रिया सुरू होते. मराठीत 'हक्क', 'अधिकार' आणि 'परवाना' यांच्यात सूक्ष्म भेद आहे. हक्क जन्माने वा कायद्याने येतो, परवान्याला मुदत असते आणि 'अधिकार' या दोहोंच्या मध्ये डळमळत राहतो. परवान्याला अधिकार म्हटल्यावर तो काढून घेतला की अन्याय झाल्यासारखे वाटते. मराठी विकिपीडियावरील पदांविषयीच्या कडवट चर्चांचे एक कारण मला या शब्दात दिसते. अर्थात ते एकमेव कारण नव्हे.

मर्यादा कोणी आखली?

मराठी विकिपीडियाची विदा विकिमिडिया फाउंडेशनच्या सर्व्हरवर असते. २०१३ पासून तिचे मुख्य केंद्र अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील ॲशबर्न येथे असून दुसरे टेक्सासमधील कॅरोल्टन येथे आहे. आशियातील वाचकांसाठी २०१८ पासून सिंगापूर येथे पानांच्या प्रती साठविणारे केंद्र आहे. लातूरमध्ये बसून जो प्रचालक एखादे पान सुरक्षित करतो, तो त्या सर्व्हरला एक विनंती पाठवीत असतो. ती मान्य करावयाची की नाही, हे तेथील संहिता ठरविते.

ही मर्यादा एरवी जाणवत नाही. ती जाणवली ऑगस्ट २०१४ मध्ये, जर्मन विकिपीडियावर. चित्रे दाखविण्याची एक नवी सोय तेथील समाजाला नको होती. एका प्रचालकाने संकेतस्थळाच्या सामाईक संहितेत बदल करून ती बंद केली. फाउंडेशनने तो बदल उलटविला आणि त्या पानावर प्रचालकांनाही संपादन करता येणार नाही, अशी एक नवीन 'महासुरक्षा' यंत्रात निर्माण केली. मोठा निषेध झाला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ती काढण्यात आली. मालकाने माघार घेतली, हे खरे. परंतु अधिकारांच्या उतरंडीत एक नवी पायरी एका रात्रीत, वरून घालता येते, हेही त्या प्रसंगाने सिद्ध केले.

२०१८ मधील बदल याहून वेगळा. तोपर्यंत प्रत्येक प्रचालकाला सर्व वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालणारी संहिता बदलता येत असे. एका प्रचालकाचा पासवर्ड चोरीस गेला तर त्या भाषेच्या सर्व वाचकांचे संगणक धोक्यात येत. म्हणून तो अधिकार वेगळ्या गटाकडे देण्यात आला आणि त्या गटाला पासवर्डखेरीज दुसरी ओळख पटविणे बंधनकारक झाले. हा निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे. वेबमिनच्या बाबतीत काय घडले, ते पाहावे. ऑगस्ट २०१९ मध्ये असे उघडकीस आले की १.८९० ते १.९२० या आवृत्त्यांत कोणीतरी गुपचूप एक चोरवाट घालून ठेवली होती आणि तीही पासवर्ड बदलण्याच्या सोयीत. मर्यादित अधिकार वाटण्यासाठी बांधलेली खिडकीच अमर्याद अधिकाराचे दार झाली होती. खिडकी जितकी सोयीची, तितकी तिची कडी तपासणे अगत्याचे.

'जतन करा' या कळीची गोष्ट लहान आहे, पण मराठीच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करावे अशी नाही. २०१६-१७ च्या सुमारास फाउंडेशनने इंग्रजीतील 'सेव्ह' काढून 'पब्लिश' आणले. आपले लेखन तत्क्षणी जगजाहीर होते, हे नवख्याला कळावे, हे कारण. कारण रास्त होते. त्यामागोमाग अन्य भाषांनाही 'जतन'कडून 'प्रकाशित'कडे वळणे भाग पडले. 'जतन' या शब्दात सांभाळणे आहे, पुढच्या पिढीकडे सोपविणे आहे. 'प्रकाशित'मध्ये जबाबदारी आहे. मराठीपुरता कोणता शब्द अधिक हवा, हा प्रश्न मराठीत आधी उपस्थित झाला नव्हता. तो इंग्रजीत उपस्थित होऊन, सुटून, मग आपल्याकडे आला.

महाविद्यालयाचा संगणक कक्ष

२०१० नंतरच्या दशकात राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने विद्यापीठांत व महाविद्यालयांत मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळा झाल्या. १४ ते २८ जानेवारीच्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात अशा कार्यशाळा घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. अहवालात छायाचित्र चांगले दिसते, हाही एक भाग. परंतु या कार्यशाळांत जो प्रसंग ठरलेला असतो, तो मर्यादित अधिकारांचा सर्वांत बोलका नमुना आहे. विद्यार्थी संगणकासमोर बसतात, खाते उघडू लागतात. सहा खाती उघडतात. सातव्या विद्यार्थ्याला यंत्र नकार देते.

कारण साधे आहे. एका अंकपत्त्यावरून एका दिवसात सहाहून अधिक नवी खाती उघडता येत नाहीत. उत्पात्यांनी खात्यांची फौज उभी करू नये, म्हणून ही मर्यादा. अमेरिकेत वा युरोपात घराघराला वेगळी जोडणी, म्हणून वेगळा अंकपत्ता, हे गृहीत धरले तर सहा हा आकडा उदार वाटतो. आपल्या महाविद्यालयात चाळीस संगणक एकाच जोडणीतून बाहेर पडतात. बाहेरच्या सर्व्हरला ते चाळीस विद्यार्थी एकच माणूस दिसतात. मोबाइलच्या जोडणीवर जावे, तर तेथेही एकच अंकपत्ता असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो आणि त्यातील कोण्या अज्ञात माणसाच्या उत्पातामुळे तो आधीच प्रतिबंधित असण्याची शक्यता असते. मर्यादा सर्वांसाठी सारखी आहे. तिचा भार सारखा नाही.

यावर उपाय आहेत. प्रचालक स्वतःच्या खात्यातून इतरांसाठी खाती उघडून देऊ शकतो. त्याला ही मर्यादा लागू नाही. म्हणूनच कार्यशाळेत प्रचालक प्रत्यक्ष उपस्थित असणे हे सन्मानापुरते नसून कामाचे असते. दुसरा उपाय म्हणजे विद्यार्थ्यांनी आदल्या आठवड्यात घरून खाती उघडणे. ज्या घरी जोडणी आहे त्यांच्यापुरता तो ठीक. तिसरा उपाय, विशिष्ट दिवसापुरती मर्यादा उठविण्याची विनंती तंत्रज्ञांकडे काही दिवस आधी नोंदविणे. त्या विनंतीत कार्यक्रमाचा दिनांक व वेळ, सहभागींची अंदाजे संख्या आणि महाविद्यालयाचा बाहेरचा अंकपत्ता द्यावा लागतो. ती व्यवहारतः इंग्रजीत करावी लागते. आणि महाविद्यालयाचा बाहेरचा अंकपत्ता कोणता, हे मराठी विभागातील किती जणांना ठाऊक असते? बहुतेक ठिकाणी ते प्रयोगशाळा सहायकालाच विचारावे लागते.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. महाविद्यालयांत आज प्रवेशाचे, परीक्षेचे, वेतनाचे, मूल्यांकनाचे असे अनेक संकेतमंच आहेत आणि प्रत्येकावर प्राचार्य, समन्वयक, लिपिक अशी अधिकारांची उतरंड आखलेली आहे. कागदावर ती निर्दोष असते. व्यवहारात प्राचार्यांचा पासवर्ड कार्यालयातील फळ्याच्या मागे चिकटविलेला असतो आणि मुदतीच्या शेवटच्या रात्री तो ज्याला टंकता येते तो वापरतो. चूक कोणाची, हे नंतर शोधता येत नाही, कारण नोंदीत नाव एकच. त्या मंचांवरील कृतींची नोंद ज्याच्याविषयी कृती झाली त्या अध्यापकाला वा विद्यार्थ्याला पाहता येत नाही. विकिपीडियावर आठवडाभर वावरलेल्या विद्यार्थ्याला 'इतिहास पाहा' ही कळ ठाऊक असते. आपला अंतर्गत गुण कोणी आणि केव्हा बदलला, असा प्रश्न तो उद्या विचारील, तेव्हा दाखवावयास ती कळ आपल्याकडे नसेल.

अधिकार नसलेल्यांचे अधिकार

प्रचालक न होताही यंत्रावर परिणाम घडविण्याच्या काही वाटा आहेत आणि मराठीच्या अध्यापकांना त्या अधिक जवळच्या आहेत. विकिपीडियाच्या पानांवर दिसणाऱ्या सूचना, कळा, इशारे यांचे भाषांतर 'ट्रान्सलेटविकी' या स्वतंत्र संकेतस्थळावर होते. निकलास लाक्स्ट्रॉम या फिनलंडच्या तरुणाने ते उभे केले. तेथे खाते उघडून, अनुवादक म्हणून मान्यता घेऊन, कोणीही मराठी शब्द सुचवू वा बदलू शकतो. तो बदल पुढे मिडियाविकी वापरणाऱ्या जगातील प्रत्येक मराठी संकेतस्थळावर जातो. मराठी विकिपीडियाच्या प्रचालकाने स्थानिक पातळीवर तीच सूचना बदलली, तर तो बदल तेवढ्यापुरताच राहतो आणि पुढे मूळ अनुवाद सुधारला तरी येथे जुनाच दिसत राहतो. परिभाषेच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे परिसंवाद घेणाऱ्या आपल्या विभागांनी या कामात हात घातल्याचे फारसे दिसत नाही. परिसंवादाची प्रमाणपत्रे मिळतात, त्या कामाची मिळत नाहीत.

साच्यांच्या बाबतीतही असेच. 'साचा' हा 'टेम्प्लेट'साठी योजलेला शब्द अचूक आहे; ओतल्यावर आकार देणारी वस्तू. २०१३ पासून इंग्रजी विकिपीडियावर आणि नंतर इतरत्र साच्यांमागे ल्युआ या भाषेत छोटे प्रोग्राम लिहिण्याची सोय आली. हा सामान्य सदस्याला मिळालेला सर्वांत मोठा अधिकार म्हणावा लागेल, कारण त्याने लिहिलेली संहिता थेट सर्व्हरवर चालते. अर्थात कुंपणासह. एका पानासाठी दहा सेकंदांहून अधिक काळ आणि पन्नास मेगाबाइटांहून अधिक स्मृती तिला वापरता येत नाही. कुंपण येथे स्पष्ट, मोजता येण्याजोगे आणि सर्वांना सारखे आहे. प्रस्तुत लेखकास ते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत न्याय्य कुंपण वाटते. परंतु या प्रोग्रामांच्या नामविश्वाला मराठीत जे नाव मिळाले, ते 'विभाग' असे आहे. 'विभाग' म्हणजे महाविद्यालयातील मराठी विभाग, महसुली विभाग किंवा लेखातील एक भाग. स्वतंत्रपणे घडविलेला आणि कोठेही जोडता येणारा सुटा भाग, हा मूळ संकल्पनेचा अर्थ त्यातून निघत नाही. 'घटक' म्हटले असते तर अधिक जवळ गेले असते. हा शब्द बदलावा असे चावडीवर सर्वांनी ठरविले, कौल घेतला आणि तो एकमुखाने लागला, तरीही तो ट्रान्सलेटविकीवर बदलत नाही आणि कोणत्याही प्रचालकाच्या कळीने बदलत नाही. नामविश्वांची नावे मूळ संहितेत लिहिलेली असतात. तेथे बदलाचा प्रस्ताव इंग्रजीतून द्यावा लागतो आणि तो तपासून स्वीकारणाऱ्या माणसाला मराठी येत असतेच असे नाही.